‘हे काम माझ्याने होणार नाही’ म्हणणं हा भित्रेपणा आहे का?

आलेला प्रश्न थोडक्यात असा: “मी लातूर जिल्ह्यातला, वय २६, कॉम्प्युटर इंजिनिअर. पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा आमची टीम ड्रोनच्या फोटोतून सोयाबीनवरचे रोग ओळखायचं काम करायची. सहा महिन्यांपासून तीच टीम संरक्षण क्षेत्रातल्या एका ठेकेदारासाठी ड्रोनच्या चित्रांतून माणसं आणि वाहनं ओळखायचं काम करते. माझं मन यात लागत नाही, रात्री झोप येत नाही. बॉण्डचं दीड वर्ष बाकी आहे. वडील म्हणतात, पोरं सीमेवर जीव देतात आणि तुला एसीत बसून त्रास होतो. मला कायद्याने नकार देता येतो का? आणि हा भित्रेपणा आहे का?”

तुला ‘तू’ म्हणतो, राग मानू नकोस. माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात मी अठ्ठावीस वर्षं नोकरीची प्रकरणं चालवतो. बॉण्ड, निलंबन, बडतर्फी हे रोजचं काम. घर सर्वोदयी वळणाचं, त्यामुळे युद्धाला नकार देणाऱ्यांच्या गोष्टी लहानपणापासून कानावर आहेत. गेल्या काही वर्षांत तुझ्यासारखी चार-पाच मुलं माझ्याकडे येऊन गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भित्रेपणाचं, कारण ते मनातून गेल्याशिवाय कायदा तुझ्या कामाचा नाही. घाबरलेला माणूस कसा वागतो ते कोर्टात खूप पाहिलंय. तो आजारपणाची रजा टाकतो, घरची अडचण सांगून टीम बदलून मागतो, काम मुद्दाम रेंगाळत ठेवतो. खरं कारण स्वतःच्या सहीने, तारीख टाकून लिहून देत नाही. तू लिहून द्यायला तयार असशील तर हा शब्द तुला लागत नाही. तयार नसशील तर वडिलांचं म्हणणं निदान अर्धं खरं आहे, आणि तेही तुला स्पष्ट सांगितलं पाहिजे.

लिहायला बसलास की पहिल्याच ओळीला अडशील, कारण नकार नक्की कशाला हे ठरवावं लागेल. सगळ्या युद्धांना? एखाद्या विशिष्ट युद्धाला? की माणूस मारायचा निर्णय यंत्राकडे ढकलणाऱ्या या कामाला? तिन्ही गोष्टी निरनिराळ्या आहेत, आणि जगातल्या कायद्यांनी मान्य केलेला नकार बहुतेक पहिल्या प्रकारचा आहे. ब्रिटनने १९१६ साली सक्तीची भरती आणली तेव्हा सदसद्विवेकाच्या कारणावरून सूट मागायची सोय कायद्यातच ठेवली होती. सुमारे १६,००० जणांनी नकार नोंदवला. न्यायाधिकरणापुढे त्यांना हटकून विचारत, जर्मन शिपाई तुझ्या आईवर चालून आला तर काय करशील? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली सांगितलं की व्हिएतनामचं युद्ध तेवढं अन्याय्य वाटतं म्हणून सूट मिळणार नाही, विरोध सगळ्याच युद्धांना असला पाहिजे. महंमद अलीची शिक्षा त्याच वर्षी त्याच न्यायालयाने रद्द केली, पण ती भरती मंडळाने त्याचा अर्ज फेटाळताना कारणच दिलं नव्हतं म्हणून. दक्षिण कोरियात हजारो तरुण अनेक दशकं नकारापायी तुरुंगात गेले. २०१८ साली तिथल्या न्यायालयांनी हा नकार मान्य केला आणि २०२० पासून पर्यायी सेवा सुरू झाली. तीही ३६ महिन्यांची, तुरुंगातच मुक्काम करून तिथली कामं करायची.

या सगळ्या कायद्यांच्या मुळाशी एकच चित्र आहे: एका तरुणाच्या हातात बंदूक दिली जातेय आणि तो ती घेत नाही. तुझ्या हातात बंदूक कोणी देत नाहीये. तुला माऊस दिलाय, खुर्ची दिलीय, संध्याकाळी कॉफी मिळते. म्हणून तुझा त्रास वडिलांना दिसत नाही, आणि खरं तर तुलाही नीट सांगता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातला एक मुलगा माझ्याकडे आला. ओळख पटेल असं सगळं गाळून, त्याला विचारूनच सांगतोय. आईवडील ऊसतोडीला जाणारे. त्याचं काम ड्रोनच्या चित्रांवर चौकटी आखायचं, म्हणजे यंत्राला शिकवायला लागणारी उदाहरणं तयार करायचं. ऑफिसमधला डेटा बाहेर नेता येत नाही, आणला असता तरी मी पाहिला नसता. म्हणून त्याने माझ्या टेबलावरचा फुलस्केप कागद ओढला आणि पेन्सिलीने काढून दाखवलं. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून रात्री माणूस कसा दिसतो ते. काळ्या कागदासारखी जमीन, त्यावर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका, आणि ठिपक्यावरून तिरकी गेलेली एक बारीक रेघ. सूचनापत्रकात होतं की अंगावर लांब वस्तू दिसली तर ‘सशस्त्र’ हा वर्ग निवडा, आणि शंका असली तरी तोच निवडा.

“सर, ही रेघ काय असेल?”

मी म्हणालो, काठी असेल.

“आमच्याकडं शेतीची लाईट रात्रीची असती. वडील रात्री दोनला पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जातात. खोरं खांद्यावर असंच, असंच तिरकं असतं. मी आठवड्याला तीन हजार चौकटी आखल्या सर. त्यातली खोरी किती होती?”

त्याने ती पेन्सिल बराच वेळ खाली ठेवली नाही. तो कागद मी जपून ठेवलाय.

त्याच्यामुळे मी हे काम समजून घ्यायला बसलो. जे समजलं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगतो. यंत्र ‘हा शत्रू आहे’ असं कधीच म्हणत नाही. ते एक आकडा देतं, समजा ०.७४. म्हणजे शिकवलेल्या उदाहरणांशी हे चित्र इतकं जुळतं, एवढंच. कुठल्या आकड्यापासून पुढे लाल चौकोन दाखवायचा ही मर्यादा कुठल्यातरी बैठकीत ठरते. ०.७० ठेवली की चुकीची माणसं जास्त सापडतात, ०.९० ठेवली की खरी सुटतात. मग तो लाल चौकोन पडद्यापुढे बसलेल्या जवानासमोर येतो. त्याच्याकडे काही सेकंद असतात, आणि यंत्राने आधीच मत दिलेलं असतं. चौकट आखणारा म्हणतो, मी फक्त चित्रं भरली. मर्यादा ठरवणारा म्हणतो, शेवटचा निर्णय माणसाचा आहे. पडद्यापुढचा म्हणतो, यंत्राने दाखवलं. तिघेही खरं बोलतात, आणि खोरं खांद्यावर घेतलेला माणूस तिघांपैकी कोणीच पाहिलेला नसतो.

माणसाला वेळ मिळाला तर काय होतं याचं उदाहरण १९८३ चं आहे. २६ सप्टेंबरच्या रात्री सोव्हिएत संघाच्या इशारा यंत्रणेने अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रं येत असल्याचं दाखवलं. कामावर असलेला अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव याने वर कळवलं की हा यंत्राचा दोष आहे. ढगांवर पडलेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता. पेत्रोवला विचार करायला काही मिनिटं मिळाली होती. आताची शस्त्रं बनतात तीच ही मिनिटं कमी करण्यासाठी. शत्रूचं यंत्र वेगवान, म्हणून आपलं आणखी वेगवान, आणि या घाईत सगळ्यांत संथ भाग म्हणजे माणूस, तो गळत जातो. स्वतःच लक्ष्य निवडणाऱ्या अशा शस्त्रांबद्दल जिनिव्हात २०१४ पासून चर्चा चालू आहे, बंदी घालणारा खास करार अजून नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत डिसेंबर २०२३ मध्ये या विषयावर ठराव आला तेव्हा १५२ देश बाजूने होते. विरोधात चार होते, त्यांत भारत होता. हा विषय जिनिव्हाच्या चर्चेतच राहावा अशी आपली भूमिका आहे. मला ती पटत नाही, पण माझ्या देशाची ती भूमिका आहे हे तुला माहीत असायला हवं, कारण तुझा नकार त्याच्याशीही टक्कर घेणार आहे.

म्हणून माझं मत असं बनलंय की नकाराची जागा आता सरकली आहे. पूर्वी ती छावणीच्या दारात होती, आता ती तुझ्या टेबलावर आहे. पडद्यापुढच्या जवानाने काही सेकंदांत विवेक दाखवावा ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे. विवेकाला वेळ तुमच्याकडे आहे, महिने आहेत.

असा नकार देणारा तू पहिला नाहीस. नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञाने दुसऱ्या महायुद्धात विमानवेधी तोफांच्या नेमबाजीचं गणित केलं होतं. १९४७ च्या जानेवारीत त्याचं पत्र छापून आलं. क्षेपणास्त्रांवर काम करणाऱ्या एका इंजिनिअरने त्याच्या जुन्या लेखाची प्रत मागितली होती आणि त्याने ती द्यायला नकार दिला. हिटलरविरुद्ध त्याने केलं, पुढचं करणार नाही म्हणाला. जोसेफ रॉटब्लाट अणुबॉम्बच्या प्रकल्पात होते. जर्मनी बॉम्ब बनवत नाहीये हे कळल्यावर १९४४ च्या अखेरीस ते बाहेर पडले. पुढचं आयुष्य त्यांनी अण्वस्त्रांविरुद्ध काम केलं आणि १९९५ चा शांततेचा नोबेल त्यांना आणि त्याच कामासाठी भरणाऱ्या शास्त्रज्ञांच्या पगवॉश परिषदांना मिळून दिला गेला. दोघेही ‘कोणतंच युद्ध नको’ म्हणणारे नव्हते. त्यांनी एक रेघ ओढली आणि तिथे थांबले. कायद्याने असा निवडक नकार मान्य केलेला नाही, पण शास्त्रज्ञांच्या आणि इंजिनिअरांच्या बाबतीत मला तोच जास्त प्रामाणिक वाटतो. आयुष्यात कधीच बळ वापरणार नाही अशी शपथ पंचविशीतल्या मुलाने घ्यावी असं मी म्हणणार नाही.

अलीकडचं उदाहरण तुला ठाऊक असेलच. २०१८ साली गूगलच्या हजारो कर्मचाऱ्यांनी ‘मेव्हन’ प्रकल्पाविरुद्ध पत्रावर सह्या केल्या. ड्रोनच्या चित्रांतून वस्तू ओळखायचं अमेरिकी लष्कराचं काम होतं, तुझ्यासारखंच. काहींनी राजीनामे दिले. कंपनीने कराराचं नूतनीकरण केलं नाही आणि शस्त्रांसाठी हे तंत्रज्ञान वापरणार नाही असं जाहीर केलं. पुढचंही सांगतो. तो प्रकल्प बंद पडला नाही, दुसऱ्या कंपन्यांनी चालवला. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत गूगलने आपल्या तत्त्वांतून शस्त्रांबद्दलचं ते वचन काढून टाकलं. तुझ्या नकाराने ड्रोन थांबणार नाही. ‘तू नाही केलंस तर दुसरा करेल’ असं तुला ऐकवतील आणि ते खरं आहे. हे मनाशी धरूनच पत्र लिही, नाहीतर सहा महिन्यांनी फसवल्यासारखं वाटेल.

आता कायदा. स्वतंत्र भारतात सक्तीची लष्करभरती कधीच नव्हती, त्यामुळे सदसद्विवेकाच्या नकाराचा वेगळा कायदाही झाला नाही. दार मात्र पूर्ण बंद नाही. संविधानाच्या अनुच्छेद २३(२) प्रमाणे सार्वजनिक प्रयोजनासाठी राज्य सक्तीची सेवा लावू शकतं, फक्त धर्म, वंश, जात, वर्ग यांवरून भेद करता येत नाही. १९७६ साली आलेल्या मूलभूत कर्तव्यांत देशाचं रक्षण करणं आणि बोलावलं तर राष्ट्रसेवा करणं हेही आहे. दुसऱ्या बाजूला अनुच्छेद २५ सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतो. आपल्याकडचा सगळ्यांत जवळचा निकाल १९८६ चा, बिजो इमॅन्युएल प्रकरणातला. यहोवाच्या साक्षीदार पंथाची तीन मुलं केरळात राष्ट्रगीताला उभी राहायची पण गायची नाहीत, म्हणून शाळेने काढली. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. आदराने उभं राहून गप्प राहणं हा अपमान नाही, असं ते निकालपत्र सांगतं. तरुण वकिलांना मी ते आवर्जून वाचायला देतो.

सैन्यात गेलेल्याला हे लागू करता येत नाही. अनुच्छेद ३३ खाली संसद सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करू शकते आणि १९५० च्या सेना अधिनियमात कायदेशीर हुकूम मोडण्याला प्रत्यक्ष सेवेवर असताना १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. परभणी-हिंगोलीच्या रस्त्यांवर पहाटे चारला १६०० मीटरची तयारी करत पळणारी पोरं हे वाचत असतील तर त्यांनाही सांगतो: मनात प्रश्न असेल तर तो सहीच्या आधी सोडवा. अग्निवीर म्हणून चार वर्षंच जायचं असलं तरी त्या चार वर्षांत नकाराचा अर्ज नाही.

तुझं प्रकरण यापेक्षा सोपं आहे. तू खासगी नोकर आहेस. अनुच्छेद २५ राज्याविरुद्ध चालतो, तुझ्या कंपनीविरुद्ध नाही, म्हणून ‘माझा मूलभूत हक्क’ वगैरे भाषा पत्रात नको. तुझं नातं कराराचं आहे आणि विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ प्रमाणे कोणतंही न्यायालय माणसाला त्याच्या मनाविरुद्ध नोकरीत कामाला लावत नाही. फार तर भरपाई द्यायला लावतं.

बॉण्डचं गणित त्या बीडच्या मुलाला मी उचलीवरून, म्हणजे ऊसतोडीआधी मिळणाऱ्या आगाऊ पैशांवरून, समजावलं होतं, तो लगेच समजला. मुकादमाने उचल दिली की जोडप्याला वाटतं, ती फिटेपर्यंत आपला जीव त्याचा. तुलाही बॉण्ड तसाच वाटतोय. कायद्यात तसं नाही. करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे बॉण्डमध्ये लिहिलेला आकडा ही भरपाईची कमाल मर्यादा आहे, त्याच्या आत वाजवी काय ते ठरतं. कंपनीने तुझ्या प्रशिक्षणावर काय खर्च केला, तू किती काळ काम केलंस, हे सगळं बघितलं जातं. बॉण्डची तुझी किती मुदत भरलीय त्याचा हिशेब काढून ठेव. पण बॉण्ड म्हणजे रद्दी असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बॉण्ड वैध ठरवला आहे. खासगी कंपन्यांशी माझा अनुभव असा की नीट पत्रव्यवहार केला तर निम्म्या-पाव रकमेत किंवा नुसत्या नोटीस कालावधीत मिटतं. मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवल्या असतील तर लेखी मागून घे, त्या तुझ्या आहेत. नोकरी सोडल्यावर याच क्षेत्रात कुठेही काम करायचं नाही अशी अट असेल तर करार अधिनियमाच्या कलम २७ पुढे ती टिकत नाही.

आधी राजीनामा देऊ नकोस. आधी काम बदलून माग. गांधीजींनी १८९९ मध्ये बोअर युद्धात रुग्णवाहक पथक उभं केलं होतं. अमेरिकेचा डेस्मंड डॉस शस्त्र न उचलता ओकिनावाच्या लढाईत जखमींना उचलत राहिला आणि त्याला १९४५ साली तिथलं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. तुमच्या कंपनीत पिकांचं काम अजून चालू असेल तर ते माग. पूर आला की छतावर अडकलेली माणसं शोधायचं, भूसुरुंग शोधायचं काम त्याच ज्ञानावर चालतं, ते करायची तयारी दाखव. पत्र एका पानाचं कर. त्यात प्रकल्पाचं नाव, ग्राहक, आकडे, तांत्रिक तपशील काहीही नको. अमुक तारखेपासून दिलेलं काम माझ्या विवेकाला पटत नाही, मला अमुक प्रकारचं काम द्यावं, ते मी पूर्ण मनाने करीन, एवढंच.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, आणि इथे मी वकील म्हणून हात जोडून सांगतो. नकार देणं वेगळं आणि बाहेर सांगणं वेगळं. एकही फाईल, एकही स्क्रीनशॉट, एकही मेल स्वतःकडे पाठवू नकोस. मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रकल्पाबद्दल शब्द नको. १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम अजून लागू आहे आणि संरक्षणाशी संबंधित माहितीसाठी त्यात १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. माझ्याकडे आलास तरी तपशील सांगू नकोस. त्या मुलाने पेन्सिलीने काढलं ते एक सर्वसाधारण चित्र होतं, तरीही मी त्याला त्याच्यापुढे जाऊ दिलं नाही.

वडिलांच्या म्हणण्याकडे येतो. ते मला हलकं वाटत नाही. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाचे चार दिवस आपण सगळे मोबाईलला चिकटून बसलो होतो, दोन्हीकडून ड्रोन उडत होते. ड्रोन गेला म्हणून आपला जवान गेला नाही, हे खरं आहे. नेम धरून मारणारं यंत्र अंदाधुंद तोफगोळ्यांपेक्षा कमी निरपराध मारू शकतं, हेही एक प्रामाणिक मत आहे, आणि त्या मताचा कुणी इंजिनिअर आत राहून चुकीच्या चौकटी दुरुस्त करत बसला तर मी त्याला कमी लेखणार नाही. तुला ते जमत असेल तर तोही मार्ग आहे. फक्त ‘मी आत राहून सुधारतो’ म्हणताना गेल्या महिन्यात नक्की काय सुधारलं, ते दर महिन्याला वहीत लिही.

आपल्या भागात हा प्रश्न नवीन नाही. १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारला विनोबा पहिले वैयक्तिक सत्याग्रही झाले. ब्रिटिशांच्या युद्धाला माणसांनी किंवा पैशाने मदत करणं चूक आहे, असं ते जाहीर बोलले आणि तुरुंगात गेले. त्यांच्या हातात कोणी बंदूक देत नव्हतं. मदतीला नकार होता तो. तुझ्या नकाराचं मूळ मला तिथे दिसतं. पण आपण मराठवाड्याचे, आपला हिशेब इतका सरळ नाही. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींना गोळ्या घातल्या, त्याच दिवशी नांदेड जिल्ह्यात उमरीच्या बँकेवर हैदराबाद मुक्तीच्या लढ्यातल्या कार्यकर्त्यांनी सशस्त्र छापा घातला. त्या लाखो रुपयांचा पै-पैचा हिशेब त्यांनी ठेवला. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांपुढे सत्याग्रह पुरत नव्हता, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मी त्यांना चूक म्हणू शकत नाही.

माझे आजोबा धाराशिवकडचे, त्याच लढ्यात बार्शीच्या सीमेवरच्या एका कॅम्पवर होते. बंदूक चालवलेली. सप्टेंबर १९४८ मध्ये १३ ते १७ तारखेत भारतीय सैन्याची ‘पोलीस कारवाई’ झाली, रझाकार संपले. त्यानंतर काय झालं ते झेंडावंदनाच्या भाषणांत येत नाही. गावोगाव मुसलमानांवर सूड उगवला गेला. केंद्र सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने संस्थानभर २७ ते ४० हजार माणसं मेल्याचा अंदाज दिला, आणि सगळ्यांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि नांदेड होते. तो अहवाल अनेक वर्षं लोकांपुढे आला नाही. आमच्या गावातही टोळी निघाली आणि आजोबांच्या दारात आली: बंदूक तुमच्याकडे आहे, पुढे व्हा. आजोबा गेले नाहीत, बंदूकही दिली नाही. शेजारच्या अत्ताराचं कुटुंब, एक म्हातारी आणि दोन लेकरं धरून सहा जण, चार रात्री आमच्या धान्य साठवायच्या बळदात होतं. आजी वरून भाकरी सोडायची आणि दिवसा झाकणावर ज्वारीची पोती ठेवायची. हे आम्हाला आजीने सांगितलं. आजोबा त्यावर कधी बोलले नाहीत. दर १७ सप्टेंबरला ते झेंडावंदनाला जायचे आणि परत येताना अत्ताराच्या घरी चहा घेऊन यायचे.

आजोबांना कोणी शांततावादी म्हणालं असतं तर त्यांना शब्दच कळला नसता. लढले तेव्हा बंदूक होती, नाही म्हणाले तेव्हाही ती घरातच होती. तुझ्या वडिलांना गांधी-विनोबांपेक्षा हे जास्त पटेल असं मला वाटतं, कारण अशी एखादी आठवण तुमच्या गावातही कोणाच्या तरी घरात असेल. विचारून बघ.

त्या बीडच्या मुलाचं पुढे काय झालं ते विचारशील. कंपनीने काम बदलून दिलं नाही. त्याने नोटीस दिली, बॉण्डची काही रक्कम भरली, पाच महिने घरी बसला, आईच्या नजरेला नजर देत नव्हता. मग एका नकाशे बनवणाऱ्या कंपनीत लागला, आधीपेक्षा कमी पगारावर. जाण्याआधी त्याने वरिष्ठांना एक पत्र दिलं होतं की ‘शंका असल्यास सशस्त्र’ ही सूचना चुकीची आहे, शंकेसाठी वेगळा वर्ग हवा. त्या पत्राची पोच त्याच्याकडे आहे. हे पत्र तूही दे, राहिलास तरी आणि गेलास तरी.

वडिलांशी फोनवर बोलू नकोस. रास झाली की गावी जा. आता गावोगाव फवारणीचे ड्रोन आलेत, कॅमेऱ्याचेही असतात. ओळखीतल्या कोणाला तरी रात्री तुमच्याच शेतावरून एकदा फिरवायला सांग, आणि वडिलांना सांग, नेहमीसारखे दारं धरायला जा. दुसऱ्या दिवशी ते चित्र त्यांच्यापुढे ठेव. आधी काही सांगू नकोस. खांद्यावर काय आहे, हे त्यांनाच विचार.